ऐरणीपलीकडची जागा

१

माझी बायको लाली सकाळी भात्याच्या तोंडाशी साचलेली राख काढायची आणि मी रुळाच्या तुकड्याला एक शिवी द्यायचो. आमच्या भट्टीचा दिवस असा सुरू व्हायचा.

मी धरमसिंग. दारव्ह्याहून सकाळी बैलगाडी जुंपली तर उन्हं तापायच्या आत पोचाल, एवढ्यावर आमचा बंजाऱ्यांचा तांडा. आमचे आजे-पणजे बैलांवर मीठ लादून मुलूख फिरले, बापानं जमीन धरली, आणि मी, काय डोक्यात आलं कोण जाणे, लोखंडाकडे वळलो. दारव्ह्याच्या एका कापसाच्या जिनिंगात मी मिस्त्रीच्या हाताखाली घणावर होतो. घणावर म्हणजे असं. मिस्त्री एका हातानं सांडशीत तापलेलं लोखंड धरणार, दुसऱ्या हातातल्या लहान हातोडीनं त्यावर टक करून जागा दाखवणार, आणि ऐरणीपलीकडे उभ्या असलेल्या माणसानं दोन्ही हातांनी घण उचलून नेमका तिथंच घालायचा. टक, धाड. टक, धाड. मिस्त्रीनं हातोडी आडवी टाकली की थांबायचं. पलीकडच्या माणसानं दुसरीकडे बघायचं नाही. मिस्त्रीच्या तोंडाकडे नाही, दारात कोण आलं तिकडे नाही. फक्त हातोडीकडे. माझी तरुणपणाची सगळी वर्षं एका हातोडीकडे बघण्यात गेली.

महाराष्ट्र झाला त्या साली मी जिनिंग सोडून तांड्यात परतलो. आमच्याकडे लोहार नव्हता. फाळाला धार लावायची, वखराची पास, म्हणजे त्याचं आडवं पातं, ठोकून घ्यायची, तर ऐन हंगामात माणूस दिवसभर दारव्ह्यात अडकायचा. मी घरामागे छपरी घातली, भाता बसवला. भाता लाली ओढायची. घणावर ठेवायला माणूस नव्हता, आणि ऐरण नव्हती. ऐरणीच्या जागी रुळाचा एक तुकडा होता. तो अरुंद, हलका, दर घावाला उडी मारायचा. नवी ऐरण आमच्या आवाक्यातली नव्हती. कुणाची तरी वापरलेली बघायची, असं ठरलं.

घरात आम्ही आमची गोरमाटी बोलतो. इथं तुम्हाला समजेल तसं सांगतो.

२

होळी झाल्यावर रामधनच्या गाडीत बसून नेरच्या बाजाराला गेलो. रामधन माझा चुलतभाऊ. त्याला सरकी विकायची होती.

कापसाच्या बाजारामागे एक भंगारवाला बसायचा. त्याच्याकडे दोन ऐरणी होत्या. पहिलीच्या कडा कुरतडल्यासारख्या झालेल्या आणि माथ्याला मधोमध जुन्या खाटेसारखा झोल. तिच्यावर सरळ पट्टी कधी सरळ राहिली नसती. दुसरी देखणी होती, नुकतंच काळं तेल फासलेली. मी माझी हातोडी सैल धरली आणि माथ्यावर नुसती पडू दिली. चांगली ऐरण हातोडी परत देते, हातात आणून देते म्हणा ना. ही हातोडी चिखलात बसावी तशी बसली. आवाजही थप्प. वरून पोलादासारखी, आत सगळं ओतीव बीड.

मी अजून एकदा कडेवर हातोडी टाकून पाहिली, खाली वाकून माथ्याला डोळा लावला, बोटानं भेगा चाचपल्या. भंगारवाला कंटाळला.

"ऐरण घेऊन राह्यले का सोयरीक करून राह्यले, भाऊ?"

"सोयरीकच म्हणा," मी म्हणालो. "जन्मभर समोर राह्यणार हाय."

तो हसला. मग जरा थांबून म्हणाला, "तशीच पाह्यजे असंल तर मानीबाईकडे जा. गावाच्या टोकाले, नाल्याच्या अंगाले घर हाय. तिच्या नवऱ्याची, भीमराज लोहाराची. तशी ऐरण या भागात नाही."

"मंग तुम्ही काहून नाही आणली?"

"जड हाय," तो म्हणाला, आणि पत्र्याचे डबे तराजूत टाकायला लागला.

३

मानीबाई पन्नाशीची असेल. अंगणात सुपानं तूर पाखडत बसली होती.

"मावशी, ऐरण पाह्याची होती."

"पहा ना. मागे हाय."

घरामागे कुडाची शेड. आत शिरल्यावर आधी वास आला, कोंबड्यांचा. भात्याचं कातडं उंदरांनी खाल्लेलं, वर जाळी. भट्टीच्या खड्ड्यात कोंबडीनं घर केलेलं. लोहार जिथं उभा राहतो त्या बाजूला धुळीचा थर आणि कोंबड्यांची शीट. वर्षं झाली असतील तिथं कुणी पाऊल ठेवून.

आणि मधोमध बाभळीच्या ओंडक्यावर ऐरण. तिच्या माथ्यावर धुळीचा कण नव्हता. काळी नाही, रुपेरी. कालच काम झाल्यासारखी.

मी तिच्याभोवती फिरलो. पलीकडच्या बाजूला, घणवाला उभा राहतो तिथं, जमीन स्वच्छ होती. सारवलेली नव्हे. तुडवून तुडवून घट्ट झालेली, खळ्यासारखी. दोन पायांच्या जागी दोन उथळ खळगे. मला वाटलं, कोंबड्यांवर लक्ष ठेवायला बाई इथं बसून काही निवडत-टिपत असेल.

"मावशी, इकडची बाजू तुम्ही झाडता काय?"

"मी आत येत नाही, भाऊ," ती बाहेरूनच म्हणाली. "अंडी घ्याले येते तेवढीच."

मी हातोडी काढली. सैल धरली. पडू दिली.

काय सांगू. हातोडी निघाली तिथवर परत आली. आवाज असा गेला, की देवळातल्या घंटेसारखा कानामागे रेंगाळला. मी इतका खूष झालो, की दुसरी गोष्ट माझ्या ध्यानात उशिरा आली. त्या आवाजाच्या पाठोपाठ पायाखालची जमीन दबली होती. कुठंतरी काहीतरी जड पडावं तशी. मी रामधनकडे पाहिलं. तो दाराशी बैलांना पेंढी टाकत होता. ओंडका खालून पोकळ असेल, मी मनाशी म्हटलं. पोकळ ओंडका असा धमकतो.

बाई सूप खाली ठेवून दारात आली होती.

"घणावर कोण असते तुमच्या?"

"कोणी नाही, मावशी. सध्या एकटाच हाव. बायको भाता ओढते."

"हेही एकटेच काम करत," ती म्हणाली.

मी पलीकडच्या खळग्यांकडे पाहिलं. "मंग घण?"

"घण या घरात नव्हताच कधी."

मला विचारायचं होतं, पण ऐरण हातची जाईल अशी भीतीही होती. बाईनं भावात घासाघीस केली नाही. मी म्हणेन ते तिनं मान्य केलं. गाडीत ऐरण चढवताना मी सहज विचारलं, "मालक कशानं गेले?"

"काम करता करता," मानीबाई म्हणाली, आणि परत तुरीकडे वळली.

४

ऐरण छपरीत बसवली त्या दिवशी लालीनं खालची जमीन शेणानं सारवली. ऐरणीला हळद लावली. तिचा माथा तळहातानं चोळून बघत म्हणाली, "थंडगार हाय. भट्टीपाशी राहूनही."

पहिलं काम आलं ते रामधनच्याच फाळाचं. फाळ लाल केला, ऐरणीवर घेतला, ठोकायला लागलो. लोखंड असं पसरत गेलं, की मला हात आवरायला लागला. रुळावर ज्याला दोन वेळा तापवावं लागायचं ते एका तापात झालं.

"ऐरण गुणाची हाय," लाली म्हणाली. ती भात्याशी असायची, पाठ माझ्याकडे, तोंड विस्तवाकडे. भात्याचा घरघराट आणि जाळाचा आवाज, यात तिला दुसरं काही ऐकू येत नसे.

फाळ पाण्यात बुडवला. चर्र झालं. बाहेर काढून उजेडात धरला, तेव्हा मला त्यावर घणाच्या खुणा दिसल्या.

माझ्या हातोडीचं तोंड गोल, रुपयाएवढं. फाळावर उमटले होते ते तळहाताएवढे चौकोन, खोल, एकाला एक लागून. घणाची खूण मला कुणी ओळखायला शिकवायला नको. अर्धं आयुष्य मी त्या खुणा पाडल्या आहेत. मी स्वतःला समजावलं, फाळ जुना आहे. दारव्ह्याच्या कुठल्यातरी लोहारानं कधीतरी घणाखाली घातला असेल, आपण नीट बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नव्या कोऱ्या पट्टीचा विळा केला. पातळ पट्टी, हलक्या हातानं. विळ्याच्या पाठीवर तेच चौकोन.

५

"कोण ठेवला घणावर?" रामधननं विचारलं. तो वावरातून येत होता, खांद्यावर बैलांचा नाडा.

"कोणी नाही."

"खोटं कायले बोलतो? वावरात आवाज येऊन राह्यला ना सकाळपासून. टक, धाड. टक, धाड. एक हलका, एक भारी. दोघांचा हात चांगला जमला हाय."

"एकटाच हाव मी. ये, पाहून घे."

त्यानं छपरीत डोकावून पाहिलं. लाली भात्यावर, मी ऐरणीशी. तो हसला, म्हणाला, "मंग टेकडीवरून आवाज परत येत असंल," आणि गेला. आमच्याकडे टेकडी आहे, खोटं नाही. पण मी लहानपणापासून त्या टेकडीखाली राहतो. ती कधी बोललेली मला आठवत नाही.

तो गेल्यावर मी खाली पाहिलं. लालीनं सारवलेली जमीन माझ्या पायाखाली फुटली होती, ते साहजिक होतं. ऐरणीपलीकडे कुणी जात नव्हतं. तिथंही फुटली होती. दोनच ठिकाणी, पाय रोवून उभं राहिल्यासारखी.

दुपारी लाली नाल्यावर धुणं घेऊन गेली. मी भट्टी विझवली. छपरी शांत झाली, इतकी की तापलेल्या विटा निवताना कडकडतात तेही ऐकू यावं. मी दगडी कोळशाचं एक ढेकूळ उचलून ऐरणीवर ठेवला. मनात म्हणालो, धरमसिंग, तू चार इयत्ता शिकला, मशीनवर काम केलं, काय पोरखेळ लावला आहे. आणि ढेकळाच्या वर हातोडी नुसती टेकवली. टक.

तोंडावर वारा आला. उन्हाळ्याचा नव्हे. घण खालून वर जाताना समोरच्या माणसाच्या तोंडावर जो येतो, तो. ऐरण ओंडक्यासकट दबली आणि कोळशाचं पीठ माझ्या डोळ्यांत, तोंडात, छातीवर उडालं.

मी हललो नाही. हलता आलं नाही. समोर काही नव्हतं. कुडाच्या फटींतून ऊन आत येत होतं आणि त्यात काळी पूड हळूहळू खाली बसत होती, आणि एका जागी, माझ्या समोर, हातभर अंतरावर, ती बसत नव्हती. कशाला तरी वळसा घालून जात होती.

माझ्या हातानं मग आपोआप एक गोष्ट केली. हातोडी ऐरणीवर आडवी टाकली. थांब.

पूड सगळीकडे सारखी बसायला लागली.

६

तुम्ही विचाराल, त्याच दिवशी ऐरण फेकून का दिली नाही.

हंगाम तोंडावर होता. आमच्याच नव्हे, आजूबाजूच्या तांड्यांतून, गावांतून लोक फाळ घेऊन यायला लागले होते. दोघांचं काम मी एकटा करत होतो आणि ते चांगलं होत होतं. लालीच्या तोंडावर हसू होतं. आणि दुसरं, जे मी कुणाला सांगितलं नाही, ते असं, की मला त्याची भीती वाटायची तशीच ओळखही वाटायची. मी त्याच जागी उभा राहिलो होतो. त्या जागेवरचा माणूस वाईट नसतो. त्याच्या मनात काही नसतं. हातोडी दाखवेल तिथं तो घालतो, झालं.

मी सावध राहायचो. हातोडी उगाच कुठं टेकवायची नाही. काम संपलं की आडवी टाकायची. लाली छपरीत असली की ऐरणीवर हात ठेवू द्यायचा नाही. ती हसायची. "तुमच्या ऐरणीले माझी नजर लागते काय?"

मग एक दिवस वखराची पास ठोकत होतो. घामाचा थेंब डोळ्यात गेला. हातोडी सरकली आणि सांडशी धरलेल्या माझ्या डाव्या अंगठ्याशेजारी टेकली. टक.

मी हात मागे घेतला. घेतला म्हणून हात आहे. अंगठ्याचं पेर राहिलं नाही. सांडशीची एक बाजू ऐरणीवर चपाती झाली होती, आणि ती सांडशी पोलादी होती.

लाली धावत आली. ओढणी फाडून तिनं अंगठा बांधला. माझ्याकडे रागानं बघत राहिली.

"स्वतःच्या हातावर मारते काय कोणी एवढ्या जोरानं? ध्यान कुठं होतं तुमचं?"

चपटलेली सांडशी तिनं पाहिली नाही. मी ती पायानं राखेत ढकलली आणि रामधनकडे निरोप पाठवला, की उद्या गाडी पाहिजे, नेरला जायचं आहे.

७

मानीबाई या वेळीही अंगणातच होती. गाडी थांबली तशी उठली. गाडीत बघितलं, पेंढ्यात ऐरण दिसली. तिला नवल वाटलं नाही. मग तिनं गाडीच्या मागे बघितलं. आम्ही आलो त्या रस्त्याकडे. उन्हात रस्ता रिकामा पडला होता. ती हाताची सावली डोळ्यांवर धरून कितीतरी वेळ बघत राहिली.

"ऐरण आणली," ती म्हणाली. "एकटीच आणली काय?"

"एकटीच म्हणजे, मावशी?"

तिनं माझ्या बांधलेल्या अंगठ्याकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. रामधन ऐकत होता.

"ठेवा मागं," ती म्हणाली.

आम्ही ऐरण शेडमध्ये नेऊन जुन्या जागेवर टेकवली. मी मुद्दाम पलीकडच्या जमिनीकडे पाहिलं. खळग्यांमध्ये धूळ होती. एका खळग्यात कोंबडीनं अंग घासून मऊ खड्डा केला होता. आम्ही ऐरण नेल्यापासून तिथं कुणी उभं राहिलेलं नव्हतं.

बाई दिलेले पैसे परत करायला निघाली होती, मी घेतले नाहीत. मला तिथून निघायचं होतं. नवऱ्यामागे एकटी राहून बाईचं डोकं फिरलं असेल, मी स्वतःला सांगितलं. ऐरण तिच्या जागी आली, संपलं.

संपलं की नाही ते बघायलाच मी भंगारवाल्याकडे गेलो. झोल असलेली ऐरण अजून तिथंच होती, पत्र्यांच्या ढिगाला टेकून. मी हातोडी काढली. रामधनला दूर उभं केलं. हातोडी पडू दिली.

टक.

मी श्वास धरून उभा राहिलो. बाजाराचा गलबला, कुणीतरी उसाचा रस काढत होतं, त्या चाकाचा करकराट. बाकी काही नाही. जमीन शांत. मी अजून एकदा टाकली. काही नाही. मला हसू आलं. भंगारवाला माझ्याकडे बघतच राहिला. पुढच्या बाजारी हीच नेईन, कडा घासून वापरीन, असं त्याला सांगितलं. लालीसाठी पाण्याचा नवा माठ घेतला.

त्या ऐरणीपलीकडे पत्र्यांचा ढीग होता आणि तिथं माणूस उभा राहील एवढी जागा नव्हती, हे मला तेव्हा सुचलं नाही.

८

रामधननं मला तांड्याच्या तोंडाशी उतरवलं आणि गाडी आपल्या गोठ्याकडे वळवली. दिवस मावळला होता, पण उजेड होता. चुलींचा धूर खाली बसला होता. मी डाव्या कुशीत माठ धरला होता. हातोडी उजव्या हातात होती. नेरपासून ती हातातच राहिली होती. लोखंडाचं काम करणाऱ्याला हातोडी हातात असली तरी हात रिकामाच वाटतो.

मन हलकं होतं. पायवाटेनं घराकडे जाताना मी लालीला काय सांगायचं ते जुळवत होतो. जुनी ऐरण बाईला परत पाहिजे होती, असं काहीतरी. मागे एकदा वळून पाहिलं, कारण मागून कुणी येत आहे असं वाटलं. वाट मोकळी होती. शेरडांमागची धूळ तेवढी उडत होती.

उन्हाळ्यात आमच्याकडे वावटळी उठतात. घर धुळीनं भरू नये म्हणून लाली संध्याकाळी दार लावून आतून अडसर घालायची. दार बाभळीच्या फळ्यांचं, जाड, माझ्या बापानं बसवलेलं. आत भांडं वाजलं. ती चुलीशी होती.

मी दारावर हातोडी वाजवली. हलकीच. टक.

तोंडावर वारा आला तेव्हा मला कळलं. ओरडायला तेवढा वेळ पुरत नाही. घण वर गेला की तो खाली येतोच, मधे थांबवता येत नाही. हे मला माहीत होतं.

दार आत गेलं. उघडलं नाही, आत गेलं. मधल्या फळ्या काडीसारख्या मोडल्या, अडसर तुटून फेकला गेला. माझ्या कुशीतला माठ फुटला. आत, चुलीच्या उजेडात, लाली पडलेली होती. फळ्या तिच्या अंगावर. तिच्या हातातल्या बलियांचे, आमच्या बायका हातभर घालतात त्या बांगड्यांचे, पांढरे तुकडे सगळ्या जमिनीवर पसरलेले होते.

मी तिच्याकडे धावायला हवं होतं. मी धावलो नाही, कारण माझ्या शेजारी, चौकटीला लागून, एक खांदा होता.

उघडा खांदा. घामानं ओला, कोळशाची पूड बसलेला. घण खाली गेल्यावर माणूस जसा वाकतो तसा वाकलेला. तो हळूहळू सरळ होत होता, आणि त्याबरोबर दोन्ही मुठी वर येत होत्या. चेहरा मी पाहिला नाही. पाहिला असेल तर मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की त्याची मान आत, पडलेल्या बाईकडे, वळलेली नव्हती. ती माझ्या हाताकडे वळली होती.

माझ्या हातातली हातोडी चौकटीच्या लाकडापासून बोटभर अंतरावर हलत होती.

आतून लाली कण्हली. मी खाली वाकलो. इतका सावकाश मी आयुष्यात कधी वाकलो नाही. हातोडीचं तोंड कशाला लागू दिलं नाही, ना चौकटीला, ना माठाच्या खापरांना. उंबऱ्यावर ती आडवी ठेवली. बोटं एकेक करून सोडवली.

मग शेजारी बघितलं. धूळ होती.

९

लोक धावत आले. त्यांना काय दिसलं ते सांगतो. मोडलेलं दार, त्याखाली बाई, उंबऱ्यावर माझी हातोडी, आणि मी. तांड्याच्या मुखियानं, नाईकानं, मला बाजूला घेतलं.

"धरमसिंग, दार तू मोडलं?"

"हो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो. हातोडी मीच वाजवली होती.

हातोडीला कुणाला हात लावू दिला नाही, ती मी स्वतः ओढणीत गुंडाळली. रामधननं परत बैल जुंपले. दारव्ह्यापर्यंत गाडी, तिथून मोटारीनं यवतमाळचा सरकारी दवाखाना. लालीचा खांदा मोडला होता, छातीच्या फासळ्याही. डॉक्टरांनी मला विचारलं, बैलानं मारलं काय? मी हो म्हणून मान हलवली. वाचेल, ते म्हणाले. हात मात्र वर उचलता येणार नाही.

वाचली ती. पण कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही. मी भाकर घेऊन गेलो की तोंड भिंतीकडे करायची. तिचे भाऊ आले, माझ्याकडे न बघता बसून गेले. मीही काही सांगितलं नाही. सांगायला गेलो असतो तर आणखी एक वाईट गोष्ट झाली असती, त्यांना वाटलं असतं की मी भुताच्या नावावर बायकोचा हात मोडला.

एका दुपारी वॉर्ड शांत होता. पंखा बंद होता. लालीनं तोंड माझ्याकडे केलं.

"एवढ्या जोरानं काहून मारलं?"

मी बंद पंख्याकडे पाहिलं.

"मी उठूनच येऊन राह्यलती," ती म्हणाली. आवाज रागाचा नव्हता, थकलेला होता. "तुमची चाहूल लागली तवाच उठली मी. दाराशी आलती. अडसर काढणारच होती. पण तुमच्यासंगं कोणी हाय असं वाटलं, म्हून डोक्यावरून ओढणी घ्याले थांबली. तेवढाच उशीर झाला."

मी मान वर केली.

"माझ्यासंगं?"

"दोघांचे पाय वाजत होते ना अंगणात. एक तुमचे, आणि एक भारी." तिनं डोळे मिटले, मग पुन्हा उघडून माझ्याकडे पाहिलं. "कोण आलतं?"

बाजूच्या खाटेवरची म्हातारी झोपेत कुशीवर वळली. खिडकीच्या गजांची सावली लालीच्या पांघरुणावर पडली होती. मी तिच्या उशाशी, लोखंडी खाटेला लागून बसलो होतो, आणि माझे दोन्ही हात मी मांड्यांखाली घट्ट दाबून धरले होते.